आपल्या विहिरीपासून सुरुवात: शाश्वत विकासाची विद्यार्थी परिषद कशी घ्यावी?

'शाश्वत विकास' हा शब्द हल्ली पाठ्यपुस्तकात, भाषणात आणि निबंधाच्या विषयांत वरचेवर येतो. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने त्याची जी व्याख्या केली तिचा साधा अर्थ असा, की आजची गरज भागवताना पुढच्या पिढीच्या ताटातले काढून घेऊ नये. आपल्या खाजन शेतीला ही गोष्ट कितीतरी आधीपासून ठाऊक होती. भरतीचे खारे पाणी बांधाने अडवायचे, ओहोटीला मानशीच्या दारातून आतले पाणी बाहेर सोडायचे, तिथेच मासे धरायचे आणि बांध फुटला तर सगळ्या गावाने धावायचे. एकाने हयगय केली तर मीठ सगळ्यांच्या शेतात.

पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांतील माध्यमिक शाळांना बरोबर घेऊन या विषयावर विद्यार्थी परिषद भरवण्याचे आम्ही ठरवले, तेव्हा पहिला निर्णय झाला तो विषयांचा. बर्फावरच्या अस्वलाचे चित्र चिकटवलेला तक्ता नको. ज्या गोष्टीपर्यंत विद्यार्थी चालत किंवा सायकलने जाऊ शकतो, तीच त्याने अभ्यासावी.

असा नमुना आपल्या देशात आहे. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून भरते. १० ते १७ वयाची मुले परिसरातला एक प्रश्न निवडतात, मार्गदर्शक शिक्षकाच्या मदतीने निरीक्षणे करतात, नोंदवही ठेवतात आणि जिल्हा, राज्य व देश पातळीवर आपले काम मांडतात. तिच्याकडून आम्ही नोंदवही घेतली, निवड व क्रमांक मात्र घेतले नाहीत. क्रमांक आला की पालक मदतीला येतात, आणि मग प्रकल्प कोणी केला हे विचारायची सोय राहत नाही!

दोनच तालुके का, असे विश्वस्तांच्या बैठकीत विचारले गेले. कारण यांचे प्रश्न वेगळे, पण एकमेकांत गुंतलेले आहेत. डिचोलीत खाणी आहेत. पेडण्यात मोपाच्या सड्यावर ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली, आणि खाली मोरजीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. दोन्ही तालुक्यांना तिळारी धरणाचे कालव्याचे पाणी मिळते. धरण आहे सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात. म्हणजे शेजाऱ्याचा विचार केल्याशिवाय दोघांचेही भागत नाही.

सगळ्या गटांना सोपा, पण सर्वांत चिकाटीचा विषय विहिरीचा. साहित्य म्हणजे एक सुंभ, टोकाला वजन आणि दर अर्ध्या मीटरला एक गाठ. कठड्यावर एक खूण करून ठेवायची आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी पंप सुरू होण्याआधी, त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायचे. पंप चालल्यावर पाणी खाली जाते, म्हणून वेळ पाळणे महत्त्वाचे. सोबत मोठे माणूस हवेच. सुरुवात मे महिन्यात करावी, कारण तेव्हा पाणी सर्वांत खाली असते. मग पावसाळा, चवथ, दिवाळी असे करत जानेवारीत परिषदेपर्यंत नऊ नोंदी होतात. दोन गावांचे आलेख शेजारी ठेवले की मुले आपोआप विचारू लागतात, 'तुमचे पाणी इतक्या लवकर का उतरले?' इथे शिक्षकांनी घाई करू नये. खाणीचा खड्डा भूजलाच्या खाली गेला तर त्यात झिरपणारे पाणी उपसावे लागते व आसपासच्या विहिरींवर परिणाम होतो. शिरगावच्या विहिरींचे गाऱ्हाणे त्यामुळेच न्यायालयापर्यंत गेले. पण त्या वर्षीचा पाऊस, वाढलेल्या बोअरवेल, बागायतीचे पंप हीही कारणे असू शकतात. एका वर्षाच्या नोंदींतून गुन्हेगार सापडत नाही, प्रश्न नीट विचारता येतो, एवढे विद्यार्थ्याला कळले तरी पुष्कळ झाले.

दुसरा विषय आम्हाला स्वतःला फार आवडलेला आहे, तो माटोळीचा. चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीत माट्टीची फळे, कवंडळे, सुपारीचे शिंपटे, नारळ असे काय काय लागते, ते प्रत्येक मुलाने आपल्या घरी लिहून काढावे. पुढे तीन रकाने करावेत: रानातून आणले, परसातले, बाजारातून विकत घेतले. मग आजीला विचारावे, तिच्या लहानपणी यातले काय कोणत्या रकान्यात होते. आपल्या डोंगरावर काय उरले आहे हे समजायला याहून सोपी मोजपट्टी आम्हाला सापडली नाही. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते, तिच्यासाठी या याद्या पंचायतीला देता येतील.

कासवांचा विषय घेणाऱ्यांनी मात्र वनखात्याला विचारूनच जावे. अंड्यांना वा पिल्लांना हात लावायचा नाही, टॉर्च मारायचा नाही. पिल्ले समुद्राच्या उजेडाकडे जातात, हॉटेलचे दिवे त्यांना भुलवतात. तेव्हा रात्री किनाऱ्यावर किती दिवे दिसतात हे मोजणे हाच चांगला प्रकल्प आहे.

आता अवघड भाग. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणी थांबवल्या. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली, फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या, डिसेंबर २०२२ पासून लिलाव सुरू झाले. प्रत्येक तारखेला कोणाच्या तरी अंगणात ट्रक उभा राहिला, बँकेचा हप्ता थकला, आणि कोणाच्या तरी शेतात येणारा गाळही थांबला. आज माध्यमिक वर्गांत बसणारी मुले याच वर्षांत वाढली. एका बाकावर ट्रकमालकाचा मुलगा आणि शेतकऱ्याची मुलगी बसते. परिषदेत ही मुले बोलणार, आणि समोर पालक, कदाचित विश्वस्तही, असे ऐकतील जे त्यांना रुचणार नाही.

म्हणून आम्ही परिषदेच्या तीन महिने आधी पालक-शिक्षक सभा घेणार आहोत. तिथे दोन गोष्टी मान्य करून घ्यायच्या आहेत. खाण किंवा विमानतळ हा विषय घेणाऱ्या गटाने ज्यांचे नुकसान झाले आणि ज्यांचे पोट त्यावर आहे, अशा दोघांशीही बोललेच पाहिजे, आणि अहवालात कोणाचे नाव घालू नये. मुलांनी खरी मोजलेली नोंद कोणीही मोठ्या माणसाने 'बदला' म्हणून सांगायचे नाही, हे दुसरे. हे मान्य नसेल तर परिषद न घेता वृक्षारोपण करावे, ते सोपे आहे.

प्रत्यक्ष दिवसाबद्दल थोडक्यात. प्रत्येक गटाला मांडणीसाठी आठ मिनिटे आणि प्रश्नांसाठी तितकीच. प्रश्न आधी दुसऱ्या तालुक्यातल्या मुलांनी विचारायचे, शिक्षकांनी शेवटी. प्रमुख पाहुण्यांना दहा मिनिटे आणि तीही जेवणानंतर, म्हणजे मुलांचे बोलणे कापले जाणार नाही. फ्लेक्स नाही, बाटलीबंद पाणी नाही, पुष्पगुच्छ नाहीत, जेवण स्टीलच्या ताटांत. अर्थात फ्लेक्स न लावल्याने परिषद शाश्वत होते असे आम्ही समजत नाही. निष्कर्ष गावच्या ग्रामसभेत वाचले गेले पाहिजेत, आणि तिथे त्या गटातला एक विद्यार्थी पालकांसोबत हजर असावा.

ज्या पालकांच्या परसात विहीर आहे आणि महिन्यातून एकदा मुलांना मोजू द्यायला हरकत नाही, त्यांनी एप्रिलअखेर वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. सुंभ आणि नोंदवही शाळेकडून मिळेल.