विश्लेषण : सर्व्हरला दोन इंटरनेट लाइन, तरी दुसरी ‘बंद’ का वाटते?

रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तर काम अडू नये, म्हणून अनेक कार्यालये दुसऱ्या कंपनीचीही लाइन घेतात. सर्व्हरला दुसरे नेटवर्क कार्ड बसते, हिरवा दिवाही लागतो. पण बाहेरून दुसऱ्या लाइनच्या पत्त्यावर सर्व्हर उघडू गेले, की पान नुसते फिरत राहते. लाइन चालू आणि कार्डही ठीक, मग चुकते कुठे?

राउटिंग टेबल म्हणजे काय?

बुलढाणा शहरात रेल्वे स्टेशन नाही. मुंबई असो वा नागपूर, रेल्वेने जाणारा आधी मलकापूर गाठतो. जालन्याला जायचे असेल, तर मात्र चिखली, देऊळगाव राजामार्गे रस्त्याने जातो. सर्व्हरची राउटिंग टेबल अशीच असते. ठरावीक ठिकाणांसाठी ठरावीक वाट आणि उरलेल्या सगळ्यांसाठी एक ‘डिफॉल्ट गेटवे’, म्हणजे इथले मलकापूर.

ही टेबल माहितीचे पाकीट कुठे जायचे आहे, एवढेच पाहते. ते कोणत्या पत्त्यावरून निघाले, हे पाहत नाही.

मग उत्तर अडते कुठे?

समजा, खामगावातील एका कार्यालयाच्या सर्व्हरला पहिल्या लाइनवर १९२.०.२.१० आणि दुसऱ्या लाइनवर १९८.५१.१००.१० असे पत्ते आहेत. डिफॉल्ट गेटवे पहिल्या लाइनचा आहे. पुण्यातून कोणी दुसऱ्या पत्त्यावर विनंती पाठवली, तर ती दुसऱ्या कार्डातून आत येते. उत्तर मात्र ‘पुण्याला जायचे’ म्हणून पहिल्या लाइनने निघते आणि त्यावर पत्ता असतो दुसऱ्या लाइनचा.

पहिली कंपनी ‘हा पत्ता आमचा नाही’ म्हणून ते पाकीट टाकून देऊ शकते. खोटे पत्ते लावून होणारे हल्ले रोखण्यासाठी ‘बीसीपी ३८’ या २०००च्या दस्तऐवजात कंपन्यांना हीच शिफारस केली आहे. लिनक्समध्येही ‘रिव्हर्स पाथ फिल्टर’ असतो. तो काटेकोर ठेवलेला असेल, तर विनंती आल्याआल्याच टाकली जाते आणि उत्तर तयारच होत नाही.

दोन्ही गेटवे डिफॉल्ट केले तर?

उपयोग होत नाही. सर्व्हर सहसा कमी ‘मेट्रिक’ असलेला एकच गेटवे निवडतो आणि सगळी उत्तरे पुन्हा एकाच वाटेने जातात.

उपाय काय?

उपाय आहे ‘पॉलिसी राउटिंग’. १९९९ मध्ये आलेल्या लिनक्स २.२ पासून ही सोय आहे. प्रत्येक लाइनसाठी वेगळी टेबल करायची आणि तिच्यात त्या लाइनचाच गेटवे लिहायचा. मग ‘आयपी रूल’ या आज्ञेने दोन नियम द्यायचे : पहिल्या पत्त्यावरून निघालेले पाकीट पहिल्या टेबलकडे, दुसऱ्या पत्त्यावरून निघालेले दुसऱ्या टेबलकडे. त्यामुळे प्रश्न ज्या दाराने आला, त्याच दाराने उत्तर बाहेर पडते.

पहिली लाइन तुटली, तर दुसरी आपोआप ताबा घेईल?

नाही. पॉलिसी राउटिंग फक्त बाहेरून आलेल्या विनंत्यांची उत्तरे योग्य वाटेने पाठवते. सर्व्हर स्वतःहून जे काम सुरू करतो, उदाहरणार्थ बॅकअप किंवा ई-मेल, ते डिफॉल्ट गेटवेनेच जाते. फायबर काही किलोमीटरवर तुटली, तरी कार्डाचा दिवा हिरवाच राहू शकतो आणि सर्व्हरला काही कळत नाही. त्यामुळे लाइन तपासून गेटवे बदलणारी व्यवस्था वेगळी लागते. बाहेरच्या लोकांना दुसरा पत्ता मिळावा म्हणून डीएनएसमध्येही त्याची नोंद हवी.

खात्री कशी करायची?

कार्यालयाचे वाय-फाय सोडून मोबाइल डेटावरून दोन्ही पत्ते उघडून पाहावेत. नंतर सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा आणि तीच तपासणी करावी. हाताने दिलेले नियम कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिले नसतील, तर सर्व्हर नव्याने सुरू होताच पुसले जातात. पहिली लाइन तुटल्यावर हे लक्षात येण्यापेक्षा आधीच तपासलेले बरे.