मीठ, गवत आणि चहा : वऱ्हाडातला असंतोष मुलांना कसा सांगायचा?



आठवीला सविनय कायदेभंगाचा पाठ सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, मिठावरचा कर असा कितीक होता? त्यासाठी जेलात जायचं?" प्रश्न रास्त आहे. दांडीयात्रेची तारीख पाठ करून घेतली आणि पुढे गेलो, तर लेकरांना ते कोडंच राहतं. उत्तर आपल्या वऱ्हाडातच आहे, फक्त जरा मागे जावं लागतं.

सुरुवात १८५३ पासून करा. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या निजामाकडे होतं. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक फौज होती आणि तिचा खर्च निजामाने द्यायचा होता. तो थकला. २१ मे १८५३ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने त्या खर्चापोटी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाशी करार केला आणि वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं. 'गहाण' आणि 'मक्ता' हे शब्द खेड्यातल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाहीत. एवढंच सांगा, की इथे जमिनीबरोबर माणसंही दुसऱ्याच्या हाती गेली आणि त्यांना कोणी विचारलं नाही.

मग कापूस. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावची बाजारपेठ गाजू लागली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव अशी आठ मैलांची रेल्वे झाली, तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. आपल्या जिल्ह्यातली ही छोटीशी लाईन कापसासाठी होती, हे ऐकून मुलं कान टवकारतात. युद्ध संपलं तसा भाव उतरला, पण सारा रोखच भरायचा. त्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले. रेल्वे दारात, तरी माणसं उपाशी. राग इथे साचत गेला.

आणि जंगल! बोथ्याचा घाट मुलांनी एसटीतून पाहिलेला असतो. अशी जंगलं सरकारने राखीव केली आणि गुरं चारायला, गवत कापायला परवाना लागू लागला. ज्या रानात बापजाद्यांची गुरं चरली, तिथे आता चिठ्ठी दाखवा.

म्हणून १९३० साली वऱ्हाडात जे घडलं ते अचानक नव्हतं. आपल्याकडे समुद्र नाही, पण पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूरकडच्या मुलांना विहिरीच्या खाऱ्या पाण्याची चव ठाऊक असते. अकोला जिल्ह्यातल्या दहिहंडा इथे सत्याग्रहींनी असल्याच खाऱ्या पाण्यापासून मीठ केलं. १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात विनापरवाना गवत कापलं आणि अटक करवून घेतली. जंगल सत्याग्रह मग वऱ्हाडभर पसरला. घरात गुरं असलेल्या माणसाला हा लढा वेगळा समजावून सांगायची गरजच नव्हती.

आता त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. यासाठी मी मुलांना थेट अमेरिकेत नेतो. तिथल्या वसाहतींवर इंग्लंडच्या पार्लमेंटने १७६५ मध्ये स्टॅम्पचा कर बसवला, लोक चिडले. नंतर १७७३ मध्ये चहाचा कायदा आला. गंमत अशी की त्या कायद्याने चहा महाग होणार नव्हता, उलट स्वस्तच मिळणार होता. तरीही त्या वर्षी १६ डिसेंबरला बोस्टनच्या लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. का? कर ठरवणाऱ्या पार्लमेंटमध्ये त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. भांडण किमतीचं नव्हतंच, ठरवतो कोण याचं होतं. आणि तो चहा कोणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा! पुढे ८० वर्षांनी जिने वऱ्हाड घेतलं, तीच कंपनी. वर्गात इथे एकदम शांतता होते.

एक फरक मात्र सांगायलाच हवा. बोस्टनचे लोक स्वतःच बाहेरून येऊन, तिथल्या मूळ लोकांच्या जमिनीवर वसलेले होते. वऱ्हाडचा शेतकरी आपल्याच मातीत परका झाला होता. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नका.

एक खेळ घेऊन बघा. सकाळी जाहीर करा, "आजपासून नळाचं पाणी प्यायला माझी सही असलेली चिठ्ठी लागेल. चिठ्ठी फुकट आहे." अर्ध्या तासात कुरकुर सुरू होते. कोणी चिठ्ठी चोरतं, कोणी खोटी सही करतं, एखादी पोरगी सरळ उठून विचारते, "हे ठरवलं कोणी?" तिथेच खेळ थांबवा (तहानेल्या लेकरांना आधी पाणी पिऊ द्या) आणि पाठ उघडा.

पालकांसाठीही काम आहे. गावची गुरं पूर्वी कुठे चरायची, गायरान केवढं होतं, जळण कुठून आणायचे, हे मुलांना आजी-आजोबांकडून विचारून वहीत लिहायला लावा. या पाठाचा दुसरा तास त्या वह्यांवर घेता येतो.