आठ वाजून अकरा मिनिटे

(लेखमाला : पूर आणि आपण – लेखांक ४)

मागच्या लेखांकात आपण थोड्या वेळात कोसळणाऱ्या पावसामागचे विज्ञान पाहिले. आता त्याहून अवघड प्रश्नाकडे वळू. पाऊस ओळखता आला, इशाराही निघाला, तरी माणसे बुडून का मरतात? या प्रश्नासाठी मी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा पूर निवडला आहे. २९ ऑक्टोबर २०२४ या एका दिवसात तिथे कोणाला काय, किती वाजता कळले होते, याचा बराच तपशील न्यायालयीन चौकशीतून आणि नंतरच्या वादांतून बाहेर आला आहे. उंचावर अडकून पडलेली थंड हवा आणि खाली उन्हाळाभर तापलेला भूमध्य समुद्र, हा तिथल्या शरद ऋतूतला ओळखीचा धोका. हवामान संस्थेला तो काही दिवस आधीच दिसला होता आणि त्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास तिने लाल इशारा दिला. व्हॅलेन्सिया विद्यापीठाने तर आदल्या दिवशीच वर्ग रद्द करून टाकले होते. नागरिकांच्या मोबाइलवर सरकारी इशारा वाजला तो मात्र रात्री आठ वाजून अकरा मिनिटांनी. एकट्या व्हॅलेन्सिया प्रांतात २२० हून अधिक माणसे गेली, आणि त्यातली बरीचशी फोन वाजण्याच्या आधीच गेलेली होती.

मधल्या बारा तासांत काय झाले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. दुपारी प्रादेशिक सरकारचे प्रमुख कार्लोस माझॉन यांनी सांगितले की संध्याकाळी सहापर्यंत पावसाचा जोर ओसरेल. तिकडे डोंगरालगतच्या तुरीस गावात एका तासात १८४ मिलिमीटर पाऊस पडला. चोवीस तासांत तिथे ७७१ मिलिमीटर नोंदला गेला. या पट्ट्यातले बरेच पाणी पोयो नावाच्या ओढ्यात उतरले. हा ओढा वर्षातला बहुतेक काळ कोरडा असतो आणि त्याच्या काठाने पायपोर्ता, कातारोखा अशी दाट वस्तीची गावे आहेत. या गावांत त्या संध्याकाळी पाऊस जवळजवळ नव्हताच. दुकाने उघडी होती, लोक कामावरून घरी येत होते. ओढ्यावरच्या मापकाने सहा पंचावन्नला सेकंदाला २,२८२ घनमीटर प्रवाह दाखवला आणि त्यानंतर ते यंत्रच वाहून गेले. आपल्या परिचयाच्या मापात हा प्रवाह ८० हजार क्युसेक होतो. खडकवासला धरणातून जुलै २०२४ मध्ये सुमारे ३५ हजार क्युसेक सोडल्यावर पुण्याच्या एकतानगरीत पाणी कसे शिरले ते आठवले, तर कोरड्या ओढ्यात ८० हजार म्हणजे काय याची कल्पना येईल. त्याआधी कित्येक तास मापक काय दाखवत होता आणि ते कोणी कोणाला कळवले, यावरून नदी-खोरे प्राधिकरण आणि प्रादेशिक सरकार यांच्यात आजही वाद चालू आहे. आणि शेवटी जो संदेश आला त्यात काय होते? प्रांतात कुठलाही प्रवास टाळा, एवढेच. वरच्या मजल्यावर जा, तळघरात उतरू नका, हे त्यात नव्हते. गाडी वाचवायला पार्किंगमध्ये उतरलेली आणि तळमजल्यावरच्या घरात अडकलेली अनेक माणसे त्या संध्याकाळी तिथेच बुडाली.

माझे म्हणणे असे आहे : अचानक येणाऱ्या पुरात निर्णय घ्यायला वेळच नसतो. म्हणून निर्णय पावसाच्या आधीच, कोरड्या दिवसांत घेऊन ठेवलेला असावा लागतो. कुठल्या मापकाने किती आकडा दाखवला की कोणी, कोणाला, काय सांगायचे आणि लोकांनी कुठे जायचे, हे आधी ठरलेले असेल तरच हवामान खात्याच्या इशाऱ्याला अर्थ येतो. ते ठरलेले नसेल, तर उत्तम अंदाजही एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात ई-मेलने फिरत राहतो.

यावर पहिला आक्षेप असा की एवढा पाऊस कोणाच्याच कल्पनेत नव्हता, मग दोष कोणाला द्यायचा? आक्षेप वजनदार आहे, कारण तासाभरातल्या पावसाचा तो स्पेनमधला विक्रमच होता. पण विद्यापीठाला आणि सरकारला दिसणारे आकाश एकच होते, अंदाजही एकच होता. पाऊस नेमका किती पडणार हे विद्यापीठालाही माहीत नव्हते. अंदाज अमुक पातळीचा आला की वर्ग बंद, एवढे मात्र तिथे ठरवता आले. व्हॅलेन्सिया शहरानेही अशी आधीची तयारी पूर्वी करून दाखवली होती. १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदीचा प्रवाहच शहराच्या दक्षिणेकडून वळवण्यात आला, आणि त्यामुळे २०२४ मध्ये जुने शहर वाचले. नव्या पात्राच्या पलीकडे वाढलेल्या गावांसाठी तसा विचार झाला नाही.

दुसरा आक्षेप आपल्याकडे जास्त ऐकू येतो. रेड अलर्ट देतात, शाळांना सुट्टी जाहीर होते आणि दिवसभर लख्ख ऊन पडते, असे चार वेळा झाले की पाचव्यांदा कोण ऐकणार? लोकांचा हा कंटाळा खोटा नाही. पण तो इशारा चुकल्यामुळे जितका येतो, त्याहून जास्त इशारा मोघम असल्यामुळे येतो असे मला वाटते. ‘जिल्ह्यात काही ठिकाणी मुसळधार, नागरिकांनी सतर्क राहावे’ या वाक्याने ओढ्याकाठच्या खोलीत राहणाऱ्या बाईने नक्की काय करायचे? जिल्हा फार मोठा आहे, सतर्क राहणे ही कृती नाही. तिला तिच्या ओढ्याचे नाव घेऊन सांगितले, शाळेची खोली उघडून दिली आणि पाऊस आला नाही तर दुसऱ्या दिवशी का आला नाही हेही सांगितले, तर ती पुढच्या वेळी नक्की ऐकेल. फुकट गेलेल्या एका रात्रीची किंमत मोठी नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा. काही पूर इतक्या वेगाने येतात की कुठलीही तयारी तोकडी पडते. अमेरिकेत टेक्सासमधल्या ग्वाडालूप नदीचे उदाहरण यासाठी दिले जाते. ४ जुलै २०२५ च्या पहाटे हंट गावाजवळ तिचे पाणी पाऊण तासात सुमारे २६ फूट चढले. तिथे मोबाइल इशारा मध्यरात्रीनंतर एक चौदालाच निघाला होता. पण डोंगराळ भागात नेटवर्क तुटक, लोक झोपेत, आणि नदीकाठच्या शिबिरातल्या मुलींना फोन जवळ ठेवायची परवानगी नव्हती. त्या एका शिबिरातल्या मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या तरुण ताया मिळून २७ जणी गेल्या. हंट ज्या काउंटीत (जिल्ह्यात) येते, तिथे भोंग्यांची यंत्रणा बसवण्याचा विषय अनेक वर्षे निधीअभावी रखडला होता. खालच्या अंगाच्या कम्फर्ट गावाने मात्र भोंगे बसवले होते, ते वाजले आणि तिथे एकही मृत्यू झाला नाही. पाणी तिथवर पोहोचायला काही तास लागले, म्हणून सगळे श्रेय भोंग्याला देणे चूक ठरेल. तरीही झोपलेल्या माणसाला उठवायचे साधन फोनशिवाय दुसरे काही हवे, एवढे यातून सिद्ध होते. वेळ कमी असणे हे तयारी न करण्याचे कारण होऊ शकत नाही.

आपल्याकडे साधनांची उणीव नाही. भारतीय हवामान विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये दक्षिण आशियासाठी आकस्मिक पुराच्या मार्गदर्शनाची प्रणाली सुरू केली. ती लहान पाणलोटाच्या पातळीवर २४ तास आधी धोका आणि ६ तास आधी नेमका इशारा सांगू शकते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आराखडा करणे बंधनकारक केले आहे. तरी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढा फुगला, सोसायट्यांच्या सीमाभिंती पडल्या, टांगेवाले कॉलनीत लोक घरात असताना पाणी शिरले आणि शहर-परिसरात वीसहून अधिक बळी गेले. एकतानगरीतल्या रहिवाशांचीही २०२४ मध्ये हीच तक्रार होती की विसर्ग वाढवल्याचे वेळेवर कोणी सांगितले नाही. रात्री दोन वाजता जागा असलेला माणूस म्हणजे सोसायटीचा वॉचमन, गावात पोलीस पाटील किंवा कोतवाल. यांच्यापैकी कितींना पाणलोटातल्या पावसाचा आकडा थेट कळतो? कितींना दारे ठोठावायचा अधिकार आहे, कितींकडे वीज गेल्यावरही वाजेल असा हाताने फिरवायचा भोंगा आहे? कोट्यवधींच्या रडारपुढे हा खर्च किरकोळ आहे. तो होत नाही, कारण कुठल्याच खात्याला तो आपला वाटत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुमचे घर ओढ्या-नाल्याकाठी किंवा धरणाखाली असेल, तर पावसाळ्याआधी क्षेत्रीय कार्यालयाला किंवा ग्रामपंचायतीला तीन गोष्टी लेखी विचारा : आमच्या वस्तीसाठी धोक्याचा आकडा कोणता, तो गाठल्यावर रात्री आम्हाला उठवणार कोण, आणि आम्ही जायचे कुठे. जे उत्तर मिळेल ते, किंवा उत्तर मिळालेच नाही तर तसे, या लेखमालेकडे कळवा. आलेली उत्तरे पुढच्या लेखांकात छापू.