स्टिअरिंग थरथरतं, तेव्हा आधी चाक पाहा

ट्रकने ताशी साठचा वेग ओलांडला की स्टिअरिंग हातात थरथरू लागतं, ही तक्रार अवजड वाहनांच्या दुरुस्तीत मी कितीतरी वेळा ऐकली आहे. त्यावर पहिला सल्ला मिळतो, ‘अलाइनमेंट करून घ्या.’ पण अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात. थरथर बहुतेक वेळा फिरणाऱ्या वस्तूतून येते. म्हणून शोधाची सुरुवात चाकापासून करावी.

आधी थोडा हिशेब पाहू. ट्रकचं चाक एका फेरीत साधारण सव्वातीन मीटर पुढे जातं. म्हणजे ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला जवळपास ७ फेऱ्या. टायरच्या एका बाजूला २०० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते अठरा-एकोणीस किलोच्या जोराने चाकाला बाहेर खेचतं. ताशी ४० ला हाच जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच गावातून मुकाट चालणारी गाडी महामार्गावर थरथरते.

आता ड्रायव्हरला चार प्रश्न विचारावेत. थरथर ठरावीक वेगाला येऊन पुढे कमी होते का? मग चाकाचा तोल तपासा. फक्त ब्रेक दाबल्यावर येते का? ब्रेकचा ड्रम पाहा. हाताऐवजी सीटखाली जाणवते का? मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस पाहा. खड्डा बसल्यावर सुरू होऊन वेग उतरेपर्यंत थांबतच नाही का? मग किंगपिन आणि टाय रॉडचे सांधे संशयित.

यानंतर गाडी सपाट जागी उभी करून सगळ्यांत आधी चाकांचे नट तपासावेत. रिमच्या आत वाळलेला चिखल असेल तर खरवडून काढावा. पावसाळ्यात कधी कधी एवढ्यानेच काम भागतं. मग मागच्या चाकांना ओट लावून पुढचा ॲक्सल उचलावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नये, खाली भक्कम स्टँड हवाच. चाक वर-खाली धरून हलवावं. ढिलाई जाणवली, तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगावं. ढिलाई गेली तर दोष बेअरिंगचा, राहिली तर किंगपिनचा. डावी-उजवीकडे हलवल्यावर ढिलाई दिसली, तर टाय रॉडचे सांधे पाहावेत. शेवटी चाक हाताने फिरवून रिम लचकते का, टायरला कुठे फुगा आला आहे का, हे पाहावं.

हा फुगा मात्र गांभीर्याने घ्यावा. टायरचे आतले थर सुटू लागल्याची ती खूण असते. पुढचा टायर भर वेगात फुटला, तर भरलेला ट्रक आवरणं फार कठीण. समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा तर काहीच दोष नसतो. असा टायर जागेवरच बदलावा, ‘एवढी खेप होऊ दे’ म्हणू नये.

ट्रकमालकांना माझं एकच सांगणं आहे. ड्रायव्हर ‘हाताला वेगळं लागतंय’ म्हणतो, तेव्हा ती कामचुकारी समजू नका. कोणत्या वेगाला, ब्रेकवर की ब्रेकविना, हातात की सीटखाली, एवढं त्याला विचारा. निम्मं निदान त्याच्या उत्तरातच असतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.