तलावात किती दिवसांचे पाणी?

मार्च महिना लागला की आपल्या भागातल्या वर्तमानपत्रांत एक वाक्य हमखास दिसू लागते : 'तलावात आता इतक्या दिवसांचेच पाणी शिल्लक.' त्याच्या मागोमाग दुसरी बातमी येते : 'नळाला यापुढे चार दिवसांआड पाणी.' पहिली बातमी वाचून आपण काळजी करतो, दुसरी वाचून पिंप आणि घागरी बाहेर काढतो. पण हे 'इतके दिवस' कसे मोजतात आणि ते उत्तर कितपत खरे असते, हे आपण सहसा विचारत नाही. नगरपालिकेच्या दृष्टीने हे नेहमीचेच कामकाज. त्यामागचे गणित मात्र नववी-दहावीच्या मुलांना सहज करता येईल असे आहे. ते एकदा वर्गात करून पाहू या.

उंचावरचे गाव

आधी गावाची जागा पाहू. धाराशिव (२०२३ पर्यंतचे अधिकृत नाव उस्मानाबाद) बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर वसले आहे. हे पठार दोन मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांमधला दुभाजक आहे. तेरणा आणि मांजरा यांचे पाणी गोदावरीकडे जाते, तर सीना आणि बोरी यांचे भीमेकडे, म्हणजे कृष्णेकडे. घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस जसा दोन्ही पाख्यांवरून वाहून जातो, तशीच इथली स्थिती. त्यामुळे इथल्या नद्या अजून लहान असतात आणि त्यांना पाणी देणारे क्षेत्रही लहान असते. खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत मुरेल तेवढेच पाणी विहिरींना लाभते. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला की तलाव आणि विहिरी एकदमच तळ गाठतात.

शहराला तेरणा आणि रुईभर या जवळच्या जलाशयांचे पाणी मिळत आले. ते पुरेना, तेव्हा २०१० नंतर उजनीच्या जलाशयातून नळ टाकून पाणी आणण्यात आले. उजनी धरण धाराशिवपासून सरळ रेषेतही जवळजवळ १०० किलोमीटर दूर आहे आणि त्याची पूर्ण भरल्यानंतरची पाणीपातळी ४९७ मीटरच्या आसपास असते. म्हणजे पाणी दीडशे मीटरहून अधिक उंच चढवावे लागते. याचा हिशेब आपण पुढे करणार आहोत.

निम्मी खोली म्हणजे निम्मे पाणी नव्हे

आता कागदावर एक तलाव काढू. कोणताही खरा तलाव इतका नीटनेटका नसतो, पण हिशेबासाठी आपला तलाव उलट्या शंकूसारखा आहे असे समजा. पूर्ण भरल्यावर मधली खोली १० मीटर आणि पाण्याचा पृष्ठभाग २०० हेक्टर, म्हणजे २० लाख चौरस मीटर. शंकूच्या घनफळाच्या सूत्राने (एक तृतीयांश × पाया × उंची) यात सुमारे ६६.७ लाख घनमीटर पाणी मावते.

१ मार्चला काठावरच्या मोजपट्टीवर खोली ५ मीटर दिसते. पाणी किती उरले? चटकन उत्तर येते : निम्मे. पण खोली निम्मी झाली की शंकूच्या वर्तुळाची त्रिज्याही निम्मी होते आणि पृष्ठभाग एक चतुर्थांश, म्हणजे ५० हेक्टर राहतो. घनफळ मग एक अष्टमांश. म्हणजे फक्त ८.३३ लाख घनमीटर!

मुलांना हे पटत नसेल तर स्वयंपाकघरातले नरसाळे आणा. त्याची नळी मेणाने बंद करून काठोकाठ पाणी भरा आणि ते मोजा. मग निम्म्या उंचीपर्यंत भरून पुन्हा मोजा. तलावातले पाणी शेवटी शेवटी 'अचानक' का आटते, याचे उत्तर त्या नरसाळ्यात मिळेल.

न दिसणारा नळ

२०११ च्या जनगणनेत धाराशिव शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख १२ हजार होती. भुयारी गटार नसलेल्या गावांसाठी माणशी रोज ७० लीटर असा सरकारी दंडक होता. त्याप्रमाणे एवढ्या वस्तीला रोज सुमारे ७,८४० घनमीटर पाणी लागेल. (१ घनमीटर म्हणजे १,००० लीटर.) सोयीसाठी ८,००० धरू. ८.३३ लाखांना ८,००० ने भागले की १०४ दिवस येतात. १ मार्चपासून १०४ दिवस म्हणजे १३ जून. पाऊस येईलच, मग चिंता कशाची?

चिंता उन्हाची. तलावाला आणखी एक नळ आहे. तो दिसत नाही आणि बंदही करता येत नाही. उन्हाळ्यात कोरड्या वाऱ्यामुळे तलावाच्या पृष्ठभागावरून रोज ८ मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते असे धरू. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण ५० हेक्टर म्हणजे ५ लाख चौरस मीटर. त्यावरचा ८ मिलिमीटरचा थर म्हणजे ४,००० घनमीटर. सारे शहर दिवसभरात जेवढे पाणी घेते, त्याच्या निम्मे सूर्यच घेऊन जातो!

तलाव आटत जाईल तसा पृष्ठभागही कमी होतो आणि बाष्पीभवनही. म्हणून हिशेब दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांनी करावा. पहिल्या दहा दिवसांत शहराला ८० हजार आणि उन्हाला ४० हजार, मिळून १ लाख २० हजार घनमीटर गेले. उरले ७.१३ लाख. आता पृष्ठभाग सुमारे ४५ हेक्टर झाला, त्यावरून पुढच्या दहा दिवसांचे बाष्पीभवन काढायचे. असे शेवटपर्यंत करत गेले की पाणी १०४ नव्हे, तर ८१ दिवसांच्या आसपास संपते. म्हणजे १३ जून नव्हे, २१ मे.

यावर नगरपालिका उपाय करते : पुरवठा निम्मा. मग दिवस दुप्पट होतील का? पाणी जितके जास्त दिवस तलावात राहील तितके जास्त दिवस ऊन त्याला खात राहील. त्यामुळे ८१ चे १६२ होत नाहीत, सुमारे १३४ होतात. तरीही मुदत २१ मेवरून १३ जुलैवर जाते, आणि दुष्काळी वर्षात या ५३ दिवसांचे मोल फार मोठे असते. पण त्यासाठी माणशी ७० लीटरऐवजी ३५ लीटरवर भागवावे लागते.

निघालेले आणि पोचलेले

आतापर्यंत आपण एक गोष्ट गृहीत धरली : तलावातून निघालेले सर्व पाणी घरांत पोचते. तसे होत नाही. जुन्या नळांचे सांधे आणि गंजलेले व्हॉल्व्ह गळतात, टाक्या भरून वाहतात. जे पाणी हिशेबात येत नाही ते २० टक्क्यांच्या आत असावे, असा केंद्र सरकारने २००८ मध्ये ठरवलेला निकष आहे. आपल्या देशातल्या अनेक शहरांत हे प्रमाण तिसऱ्या हिश्शापर्यंत किंवा त्याहूनही वर जाते.

आपल्या कागदावरच्या शहरात तिसरा हिस्सा गळतो असे धरा. ८,००० घनमीटर निघाले तर घरांत ५,३३३ पोचले, म्हणजे माणशी ७० नव्हे, ४८ लीटर. आता पुरवठा न घटवता फक्त निम्मी गळती थांबवली तर? घरांत तेवढेच पाणी पोचवायला ६,६६७ घनमीटर सोडणे पुरते. तलाव ८१ ऐवजी ९३ दिवस टिकतो, म्हणजे २ जूनपर्यंत. बारा दिवस मिळाले आणि कोणाच्याही घरची एक कळशी कमी झाली नाही. पुरवठा तोडणे आणि गळती तोडणे, तलावाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. फरक पडतो तो पाण्यासाठी ताटकळणाऱ्या बाईला आणि शाळा बुडवून हातपंपावर उभ्या राहणाऱ्या मुलीला.

उजनीच्या पाण्याला ही गोष्ट दुप्पट लागू पडते. १ घनमीटर, म्हणजे १,००० किलो पाणी १५५ मीटर चढवायला १,००० × ९.८ × १५५, म्हणजे सुमारे १५ लाख ज्यूल ऊर्जा लागते. हे ०.४२ युनिट झाले. नळातले घर्षण आणि पंपाची कार्यक्षमता धरली तर प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. सगळे पाणी तिकडूनच आणले तर रोज गळणाऱ्या २,६६७ घनमीटरांबरोबर किमान १,१०० युनिट वीजही मातीत जाते.

चार दिवसांआड पाणी सोडले की बचत होतेच असेही नाही. पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की तोट्या उघड्या राहतात. नवे पाणी आले की पिंपातले 'शिळे' पाणी ओतून दिले जाते. शिवाय रिकाम्या नळात दाब नसल्याने फुटक्या सांध्यातून बाहेरचे घाण पाणी आत शिरते. म्हणून किती दिवसांनी पाणी सोडले यापेक्षा दर पाळीला किती सोडले, हे मोजणे महत्त्वाचे.

उणे पाणी

उजनीच्या बातम्यांत आणखी एक कोडे असते. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथला साठा उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेला होता. पाणी उणे कसे असेल? धरणातला जो साठा नेहमीच्या दारांतून बाहेर काढता येत नाही, त्याला मृतसाठा म्हणतात. उजनीत तो सुमारे १,८०० दशलक्ष घनमीटर आहे आणि त्यावरचा उपयुक्त साठा सुमारे १,५०० दशलक्ष घनमीटर. टक्केवारीचे शून्य मृतसाठ्याच्या पातळीवर असते आणि टक्के उपयुक्त साठ्याचे मोजतात. म्हणजे उणे ६० टक्के असताना मृतसाठ्यातलेही सुमारे ९०० दशलक्ष घनमीटर वापरून झालेले असते. आपल्या कागदी तलावातही तळाचे पाणी गाळामुळे काढता येणार नाही, म्हणून खरे उत्तर ८१ हून कमीच.

साठा संपल्यावर काय उरते, हे शेजारच्या लातूरने २०१६ मध्ये पाहिले. (१९८२ पर्यंत लातूर याच जिल्ह्यात होते.) मांजरा धरण आटले आणि त्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लीटर आले, पुढे ५० वाघिणींतून २५ लाख लीटर येऊ लागले. २०११ च्या गणनेप्रमाणे लातूरची वस्ती ३ लाख ८३ हजार. भागाकार करा : ५० वाघिणींच्या एका खेपेचे पाणी माणशी साडेसहा लीटर होते.

शाळेत काय करता येईल?

एक, बाष्पीभवन मोजा. वेधशाळेचे बाष्पीभवन पात्र १.२२ मीटर व्यासाचे आणि सुमारे २५ सेंटिमीटर खोल असते. आपल्याला एखादे पसरट, उभ्या काठाचे भांडे चालेल. त्यावर जाळी लावून ते उघड्यावर ठेवा आणि रोज ठरावीक वेळी पातळी किती मिलिमीटर उतरली ते लिहा. लहान भांडे तलावापेक्षा जास्त तापते, म्हणून वेधशाळेच्या पात्राच्या आकड्यालाही साधारण ०.७ ने गुणून तलावाचा अंदाज काढतात. आपले भांडे त्याहून लहान, तेव्हा आपला आकडा थोडा जास्तच येईल हे ध्यानात ठेवा.

दोन, शाळेतल्या गळक्या तोटीखाली एक तास मोजपात्र ठेवा आणि २४ ने गुणा.

तीन, पाणी येण्याच्या दिवशी घराघरांत किती साठवले आणि किती 'शिळे' म्हणून ओतले, याची मुलांकडून नोंद करून घ्या.

एवढे झाले की 'तलावात इतक्या दिवसांचे पाणी' ही बातमी पुन्हा वाचायला द्या. मुलांनी तीन प्रश्न विचारायला हवेत : खोलीवरून मोजले की घनफळावरून? उन्हाचा वाटा धरला का? आणि निघालेल्यापैकी पोचले किती? या तिन्हींची उत्तरे मोजमापाने मिळतात आणि ती मार्चमध्ये हाती असली तर मे महिन्यात उपयोगी पडतात.