जुन्या जीटीओचा नवा कारभार

मुंबईच्या टॅक्सीतळांवर किंवा पुण्या-कोल्हापूरच्या गॅरेजांत फियाट गाड्यांची सेवा करता करता ज्यांचे केस पिकले, ते मिस्त्री इंजिनावरील ज्या काळ्या टोपीच्या भागाला ‘डेल्को’ म्हणतात, त्याचे पुस्तकी नाव डिस्ट्रिब्युटर. आणि डेल्को हे वस्तुतः अमेरिकेच्या ओहायो प्रांतात, डेटन शहरी, चार्ल्स केटरिंगने थाटलेल्या कंपनीच्या लांबलचक नावाचे आद्याक्षरी रूप होय. १९१२ च्या कॅडिलॅकवर सेल्फ, दिवे आणि ठिणगी यांचा एकत्र बंदोबस्त याच कंपनीने केला, आणि तिने घालून दिलेली ठिणगीची वहिवाट पुढे साठ वर्षे, किरकोळ फेरफारांनिशी, अव्याहत चालू राहिली. येथे जिचा परिचय करून द्यावयाचा आहे ती १९६७ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ या वहिवाटीच्या उतरत्या अंमलातील मोटार आहे. आणि आज एखादा हौशी मालक तिच्या इंधन व ठिणगी या दोन्ही खात्यांची पुनर्रचना करावयास बसतो, तेव्हा तो केवळ दोन सुटे भाग बदलीत नसून तोंडी अंदाजावर चाललेला जुना कारभार मोडून त्याच्या जागी लेखी दप्तर बसवीत असतो.

जीटीओचा जन्मच मुळी एका हुकुमातील पळवाटेतून झाला. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालू नये, असा पॉन्टिअ‍ॅकची मालक कंपनी जनरल मोटर्स हिच्या वरिष्ठांचा दंडक असता, पॉन्टिअ‍ॅकचा इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्याचे सहकारी यांनी १९६४ साली टेम्पेस्ट या सोज्वळ गाडीत ३८९ घनइंचांचे इंजिन बसविले, आणि ते मूळ गाडीत नव्हे तर ग्राहकाच्या मर्जीने घ्यावयाच्या जादा सामानाच्या यादीत दाखविले! ज्यांना पुढे ‘मसल कार’ ही संज्ञा रूढ झाली त्या गाड्यांची पेठ या युक्तीने खुली झाली. १९६७ पर्यंत इंजिन ४०० घनइंचांवर, म्हणजे सुमारे साडेसहा लिटरांवर गेले, कंपनीच्या कागदावर त्याची शक्ती ३३५ अश्वशक्ती लिहिली गेली, आणि पूर्वीच्या तीन कार्बोरेटरांच्या जागी रॉचेस्टर कंपनीचा चार नरसाळ्यांचा एकच ‘क्वाड्राजेट’ आला.

कार्बोरेटरला अडाणी म्हणण्याची आज जी पद्धत पडली आहे ती मला मान्य नाही. क्वाड्राजेटची पुढची दोन नरसाळी अरुंद, मागची दोन चांगली ऐसपैस. रोजच्या रहदारीत पुढच्या दोहोंवर संसार चालावा आणि पाय दाबताच मागचे दरवाजे उघडावेत, ही योजना ज्याला सुचली तो मनुष्य सामान्य नव्हे. परंतु या यंत्राचे सारे ज्ञान पितळी जेटच्या छिद्रांत आणि निमुळत्या सुयांत कायमचे कोरलेले असते. आज हवा थंड आहे की उष्ण, गाडी समुद्रसपाटीवर आहे की ५,२८० फूट उंचीवरील डेन्व्हरला, जेथे हवा सहाव्या हिश्शाने विरळ होते, याची वार्ता त्याला नसते. नरसाळ्यातून वाहणारी हवा जितकी ओढ लावील तितके पेट्रोल ते देते, आणि दिलेले बरोबर होते की चूक, हे त्याला कोणी कधी येऊन सांगत नाही. त्यात हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलची भर. गरम इंजिन बंद करावे, तर कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोल अर्ध्या तासात उकळून उडून जाते आणि पुन्हा सेल्फ मारताना मालकाच्या कपाळावर घाम येतो.

ठिणगीची गोष्ट याहून नाजूक. डेल्कोच्या टोपीखाली आठ कोनांचा एक कॅम फिरतो, आणि त्याच्या प्रत्येक कोनापाशी दोन टंगस्टनचे ठिपके, ज्यांना आपले मिस्त्री सीबी पॉइंट म्हणतात, एकमेकांपासून इंचाच्या सोळा हजारांश भागाइतके दूर होतात. तेवढ्या क्षणी कॉइलचा प्रवाह तुटतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. हे अंतर फीलर गेजने मोजावयाचे असते. पाते ठिपक्यांमधून जाताना लोण्यातून सुरी गेल्यासारखे न जाता किंचित अडखळले पाहिजे, आणि हे अडखळणे पुस्तकातून शिकता येत नाही. आता हिशेब पाहा. मिनिटाला पाच हजार फेऱ्या घेणाऱ्या आठ सिलिंडरांच्या इंजिनास मिनिटाला वीस हजार ठिणग्या लागतात, म्हणजे एकीच्या वाट्याला येतात तीन मिलिसेकंद. त्यांपैकी पॉइंट मिटलेले असतात ते जेमतेम दोन, आणि एवढ्या अवधीत कॉइल पुरती भरत नाही. म्हणूनच शक्तीची निकड असते तेव्हाच ठिणगी क्षीण होते. शिवाय कॅमवर घासणारा पॉइंटचा फायबरचा ठोकळा रोज थोडा झिजतो, अंतर कमी होते आणि टायमिंग मागे सरकते.

या दुखण्यांपैकी इंधनाच्या दुखण्यावर आजचा उतारा म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणारे इंजेक्शन, आणि ती काही कालपरवाची कल्पना नव्हे. पॉन्टिअ‍ॅकनेच १९५७ साली ६३० बॉनव्हिल गाड्यांवर रॉचेस्टरचे यांत्रिक इंजेक्शन बसविले होते. आणि बेंडिक्स कंपनीचे विजेवर चालणारे ‘इलेक्ट्रोजेक्टर’ १९५८ साली क्रायस्लरच्या तीसपस्तीस गाड्यांना लाभले, पण त्या काळच्या विद्युत्‌-भागांना ते काम झेपेना आणि बहुतेक मालकांनी निमूटपणे कार्बोरेटर परत बसवून घेतले. बेंडिक्सचे हक्क पुढे जर्मनीच्या बॉशने घेतले, आणि १९६७ मध्येच, म्हणजे आपली जीटीओ बाजारात असतानाच, फोक्सवॅगनवर ती पद्धत यशस्वी करून दाखविली.

आज बाजारात मिळणारा इंजेक्शनचा संच कार्बोरेटरच्याच चार बोल्टांवर बसतो आणि वरून पाहिले तर कार्बोरेटरसारखाच दिसतो. त्याच्या अंगात मात्र चार इंजेक्टर असतात आणि पाठीशी संगणक. नवशिक्या मालकाचा सारा जीव या चकचकीत भागावर जडतो, आणि फसगत होते ती येथेच. कारण खरे काम गाडीच्या दुसऱ्या टोकाला, टाकीत असते. जुना यांत्रिक पंप दर चौरस इंचास पाच ते सात पौंड दाबाने पेट्रोल ढकलीत असे. इंजेक्टरांना अठ्ठावन्नच्या आसपास लागतात, आणि तेही अखंड. जुन्या टाकीत पेट्रोल अडवून धरणारे पडदे नसतात, त्यामुळे पाव टाकीवर गाडी जोरात वळली की ते एका कुशीला जाते. कार्बोरेटरच्या वाटीत घोटभर शिल्लक असे म्हणून पूर्वी हे कळत नव्हते, आता पंपाने हवेचा एक घोट घेतला की इंजिन तत्क्षणी मान टाकते. तेव्हा टाकीच्या आत बुडून राहणारा पंप, दाब सोसणाऱ्या नळ्या, जादा पेट्रोल परत नेणारी वाट आणि पंपासाठी थेट बॅटरीवरून स्वतंत्र रिले, हा सारा खर्च धरूनच उडी घ्यावी.

आणि डेल्कोला हात न लावता केवळ इंजेक्शन बसवू म्हणणाऱ्याने तर या फंदात पडूच नये. संगणक इंजिनाच्या फेऱ्या मोजतो त्या ठिणगीच्या इशाऱ्यावरून. झिजलेले पॉइंट आणि साध्या तांब्याच्या तारा त्या इशाऱ्यात इतका गोंगाट मिसळतात की, हिशेबनिसाच्या कानाशी ताशा वाजवावा तशी त्याची गत होते आणि गाडी कारण नसता रस्त्यात बंद पडते. म्हणून पॉइंटांच्या जागी चुंबकीय सेन्सर, गोंगाट दाबणाऱ्या प्लगच्या तारा, आणि संगणकाची वायर कॉइलपासून हातभर दूर, एवढे पथ्य पाळावेच लागते. टायमिंग पुढेमागे करण्याची जी मुखत्यारी डेल्कोच्या पोटातील वजनांकडे आणि स्प्रिंगांकडे होती तीही काढून घेतली जाते. वजने जखडून टाकतात, आणि उरलेला डेल्को केवळ वाटप्याचे काम करतो.

पण वाटप्याचेही तोंड योग्य वेळी योग्य दाराकडे हवे. संगणक ठिणगी सोडील त्या क्षणी आतला रोटर नेमक्या टर्मिनलसमोर आहे की दोघांच्या मध्ये लटकतो आहे, हे बंद टोपीतून दिसत नाही. यावर जाणत्यांनी काढलेली तोड मला फार आवडते: एक जुनी टोपी घ्यावी, पहिल्या टर्मिनलशेजारी तिला बोटभर भोक पाडावे, ती चढवून इंजिन चालू करावे आणि भोकातून टायमिंग लाइट रोखावा, भिरभिरणारा रोटर त्या लखलखाटात जागच्या जागी थिजल्यासारखा दिसतो, आणि तो टर्मिनलच्या डावीकडे सरला आहे की उजवीकडे, ते डोळ्यांनीच कळते. हजारो रुपयांच्या संगणकाची परीक्षा अशी भोक पाडलेल्या टाकाऊ टोपीने व्हावी, हे मोठे गमतीचे आहे.

एवढे झाल्यावर दप्तर सुरू होते. सायलेन्सरच्या नळीत जोडलेला ऑक्सिजन-सेन्सर जळून गेलेल्या वायूत काय उरले ते सांगतो, आणि एक भाग पेट्रोलास चौदाच्या वर थोडी हवा, या प्रमाणापासून कारभार ढळला की संगणक ती चूक आपल्या तक्त्यात नोंदवून पुढच्या खेपेस सुधारतो. दर ऑगस्टात डेट्रॉइट आणि पॉन्टिअ‍ॅक या शहरांना जोडणाऱ्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या मोटारींची जी प्रचंड मिरवणूक निघते, तीत गोगलगाईच्या गतीने सरकताना या तक्त्याची किंमत कळते. जुन्या सोवळ्याचे लोक मात्र अशा गाडीकडे भुवई चढवूनच पाहतात. त्यांची मर्जी राखण्यासाठी शहाणा मालक मूळ क्वाड्राजेट आणि मूळ डेल्को तेल लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवतो, कारण पुढचे गिऱ्हाईक त्यांवरील क्रमांक तपासणारच.

पहिल्या थंड सकाळी मालक किल्ली फिरवितो. टाकीतला पंप क्षणभर गुणगुणतो आणि थांबतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जातो, कारण क्वाड्राजेटचा चोक लावण्यासाठी तो आधी तळापर्यंत दाबावा लागे. तसाच दाबून धरून तो सेल्फ मारतो, सेल्फ फिरत राहतो, आणि इंजिन काही केल्या पकडत नाही. पाय तळाला टेकलेला पाहून संगणकाने इंजिन पेट्रोलने तुंबले आहे असे मानलेले असते आणि चारही इंजेक्टर बंद ठेवलेले असतात. तो पाय काढतो.