विक्रांतचे पोलाद: बेलफास्ट ते भिलाई

भिलाईला समुद्र नाही. छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील हे शहर हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावर, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत वसलेले आहे. तरीही २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे आयएनएस विक्रांत ही पहिली स्वदेशी विमानवाहू नौका पंतप्रधानांच्या हस्ते नौदलात दाखल झाली, तेव्हा त्या समारंभाची वार्ता भिलाईतही तितक्याच आपुलकीने वाचली गेली. नौकेच्या सांगाड्यासाठी लागलेले विशेष पोलाद भिलाई, बोकारो आणि राऊरकेला या सार्वजनिक क्षेत्रातील तीन कारखान्यांतून आले होते. स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया, म्हणजेच सेलने दिलेल्या माहितीनुसार हे पोलाद सुमारे ३० हजार टन होते. सांगाड्याच्या आतील बाजूस आधार देणारे बल्ब बार तेवढे त्यात नव्हते.

या ३० हजार टनांचे महत्त्व लक्षात येण्यासाठी भारताच्या विमानवाहू नौकांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो. तो इतिहास ब्रिटनपासून सुरू होतो.

दुसऱ्यासाठी बांधलेल्या नौका

पहिल्या विक्रांतचे मूळ नाव एचएमएस हर्क्युलिस. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ मध्ये, इंग्लंडमध्ये टाईन नदीकाठच्या गोदीत तिची बांधणी सुरू झाली. सप्टेंबर १९४५ मध्ये तिचे जलावतरण झाले, पण तोवर युद्ध संपले होते. ब्रिटनला तिची गरज उरली नाही आणि १९४६ मध्ये काम थांबविण्यात आले. अर्धवट अवस्थेतील ही नौका १९५७ मध्ये भारताने विकत घेतली. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत तिचे काम पूर्ण झाले आणि ४ मार्च १९६१ रोजी तत्कालीन उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती भारतीय नौदलात आली. त्याच वर्षी गोवा मुक्तीच्या कारवाईत तिने पश्चिम किनाऱ्यावर गस्त घातली. १९७१ च्या युद्धात तिच्या एका बाष्पकाला तडे गेलेले असतानाही तिला बंगालच्या उपसागरात पाठविण्यात आले आणि तिच्यावरील सी हॉक व अलिझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले चढविले.

दुसरी नौका विराट. ती पूर्वीची एचएमएस हर्मिस. तिची बांधणी १९४४ मध्ये सुरू झाली आणि १९५९ मध्ये संपली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. भारताने ती १९८६ मध्ये घेतली आणि १२ मे १९८७ रोजी विराट या नावाने ती नौदलात रुजू झाली. ब्रिटनने निवृत्त केलेल्या या नौकेने पुढे तीस वर्षे भारताची सेवा केली. तिसरी विक्रमादित्य ही मूळची रशियन ॲडमिरल गोर्शकोव्ह. २००४ मध्ये ९७ कोटी डॉलरच्या आसपास ठरलेला तिच्या नूतनीकरणाचा सौदा २०१० पर्यंत २३५ कोटी डॉलरवर गेला आणि २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये ती ताब्यात आली.

नौका जुनी असो वा दुरुस्त केलेली, विक्रेत्याची अडचण हीच ग्राहकाची संधी, असा हा व्यवहार होता. मात्र किंमत किती वाढेल आणि नौका कधी मिळेल, हे ग्राहकाच्या हाती नसते. गोर्शकोव्हच्या प्रकरणात भारताला हा धडा महाग पडला.

पोलाद मिळेना

स्वदेशी विमानवाहू नौकेच्या प्रकल्पाला जानेवारी २००३ मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. आराखडा नौदलाच्या स्वतःच्या आरेखन विभागाचा आणि बांधणी कोची येथील गोदीत, असे ठरले. आरंभी पोलाद मात्र रशियातून आणावयाचे होते. युद्धनौकांसाठीचे पोलाद त्या काळी भारतात बनत नव्हते. रशियाकडून ते वेळेवर आणि हवे तेवढे मिळण्यात अडचणी आल्या. आराखडा तयार, गोदी तयार आणि पत्राच नाही, अशी परिस्थिती उद्भवली.

येथे इतिहासातील एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. भिलाईचा कारखाना सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभा राहिलेला. त्यासंबंधीचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला. त्या वेळी भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती, त्याची राजधानी नागपूर होती. भोपाळ राजधानी झाली ती १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्याच सुमारास राऊरकेला जर्मनांच्या आणि दुर्गापूर ब्रिटिशांच्या मदतीने उभे राहत होते. म्हणजे पन्नासच्या दशकात भारताने विमानवाहू नौका ब्रिटनकडून घेतली आणि पोलाद बनविण्याची विद्या सोव्हिएत संघाकडून. अर्धशतकानंतर त्याच रशियाकडून पोलाद येईना, तेव्हा त्यांच्याच मदतीने उभारलेला कारखाना उपयोगी पडला.

पोलादाचा नवा प्रकार हैदराबाद येथील संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेने सेलच्या सहकार्याने विकसित केला. त्याला डीएमआर २४९ ए असे नाव देण्यात आले. नौकेच्या मुख्य सांगाड्यासाठी हा प्रकार, आणि विमाने जेथे उतरतात त्या उड्डाणपट्टीच्या भागासाठी त्याहून अधिक बलवान असा २४९ बी, अशी विभागणी झाली.

उणे ६० अंशांची परीक्षा

युद्धनौकेचे पोलाद आणि पुलाचे किंवा इमारतीचे पोलाद यांत फरक काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. केवळ बळकटी हे त्याचे उत्तर नव्हे. बळकट पोलाद ठिसूळही असू शकते, आणि ठिसूळपणा समुद्रात प्राणघातक ठरतो. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे शेनेक्टडी हे नवे कोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेले असताना, मोठा आवाज होऊन मध्यातून दुभंगले. शत्रू नव्हता, वादळही नव्हते. थंडीत पोलाद ठिसूळ झाले होते आणि एका ठिकाणी सुरू झालेली भेग जोडकाम केलेल्या अखंड सांगाड्यातून क्षणार्धात पुढे धावली. रिव्हेटने जोडलेल्या जुन्या जहाजात अशी भेग एका पत्र्याच्या कडेला अडली असती.

म्हणून नौकेच्या पोलादात ज्याची खरी कसोटी लागते तो गुण म्हणजे चिवटपणा: आघात झाला तरी तुकडे न होता वाकण्याची आणि ऊर्जा शोषून घेण्याची शक्ती. ती मोजण्यासाठी पत्र्यातून लहान तुकडा कापून त्याला खाच पाडतात, तो थंड करतात आणि वजनदार लंबकाचा तडाखा देतात. तुकडा मोडताना किती ऊर्जा खर्च झाली ते मोजले जाते. डीएमआर २४९ ए ची ही परीक्षा उणे ६० अंश सेल्सिअसला घेतली जाते. अरबी समुद्रात उणे ६० अंशांचा संबंध कोठे येतो, असे वाटेल. पण पाणतीर किंवा सुरुंग फुटल्यावर पोलादावर ताण इतक्या वेगाने येतो, की ते जणू कडाक्याच्या थंडीत असल्याप्रमाणे ठिसूळ वागू लागते. थंडीची परीक्षा ही एका अर्थी स्फोटाची पूर्वपरीक्षा आहे.

हा गुण मिळविणे सोपे नसते. कार्बन वाढविला की पोलाद कडक होते, पण वेल्डिंगच्या सांध्याजवळ तडे जातात. आणि विमानवाहू नौका म्हणजे सांध्यांचेच जंगल. त्यामुळे कार्बन अत्यल्प ठेवून मँगेनीज, निकेल आणि नायोबियम, व्हॅनेडियम यांच्या चिमूटभर मात्रेने पोलादाचे कण बारीक ठेवावे लागतात. गंधक आणि फॉस्फरस जवळजवळ पूर्णपणे काढून टाकावे लागतात. त्यानंतर लाटताना तापमान व दाब यांवर काटेकोर नियंत्रण लागते. लाटल्यानंतर ठरावीक तापमानाला पुन्हा तापवून थंड करण्याची क्रिया निराळीच. भिलाईत ३,६०० मिलिमीटर रुंदीची प्लेट मिल आहे. रुंद पत्रा मिळाला की सांधे कमी होतात, आणि सांधा कमी म्हणजे धोका कमी.

भिलाईची खरी ओळख रेल्वेच्या रुळांसाठी आहे. तेथे बनणारे २६० मीटर लांबीचे जोडरूळ आणि विक्रांतची २६२ मीटर लांबी यांत दोनच मीटरचा फरक, ही गंमत वगळली तरी दोन्ही कामांचा स्वभाव वेगळा आहे. रूळ लाखो टनांत, वर्षानुवर्षे एकाच मापाने निघतात. नौकेचे पत्रे थोडे, निरनिराळ्या जाडीचे आणि प्रत्येकाची तपासणी स्वतंत्र. भिलाईचे वार्षिक उत्पादन पन्नास लाख टनांच्या आसपास धरले, तर विक्रांतचे संपूर्ण पोलाद म्हणजे या एका कारखान्याचे दोन-तीन दिवसांचे काम. एवढ्या अल्प मागणीसाठी भट्टीचे वेळापत्रक बदलणे, अपयशी पत्रे भंगारात टाकणे आणि पुन्हा प्रयत्न करणे हे नफ्यातोट्याच्या हिशेबात बसत नाही. सार्वजनिक क्षेत्राच्या कारखान्यांवर पुष्कळ टीका होते, आणि ती अनेकदा योग्यही असते. पण येथे त्यांनी जे केले ते केवळ बाजाराच्या भरवशावर झाले असते, असे म्हणणे कठीण आहे.

या कामाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये भिलाईच्या कोक भट्टी विभागात गॅसवाहिनीचा स्फोट होऊन दहाहून अधिक कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्यापूर्वी जून २०१४ मध्ये वायुगळतीने सहा जणांचा बळी घेतला होता.

विलंब कोणाचा?

नव्या विक्रांतवर सर्वांत मोठा आक्षेप विलंबाचा व खर्चाचा आहे. पत्रा कापण्याचा पहिला मुहूर्त एप्रिल २००५ चा, तळ बसविला गेला तो फेब्रुवारी २००९ मध्ये, जलावतरण ऑगस्ट २०१३ मध्ये आणि सागरी चाचण्या ऑगस्ट २०२१ मध्ये. मूळ मंजुरी ३,२६१ कोटी रुपयांची होती. प्रत्यक्ष खर्च २० हजार कोटींच्या घरात गेला. महालेखापरीक्षकांनी २०१६ च्या अहवालात या प्रकल्पाच्या नियोजनावर बोट ठेवले होते, आणि ते निराधार नव्हते.

तथापि केवळ भारतालाच असा विलंब होतो, हा समज खरा नाही. हर्क्युलिसची विक्रांत होण्यास अठरा वर्षे लागली आणि हर्मिसला पंधरा. पहिल्या बाबतीत कारण युद्धसमाप्तीचे होते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. अलीकडच्या काळात ब्रिटनने क्वीन एलिझाबेथ आणि प्रिन्स ऑफ वेल्स या दोन नौकांसाठी २००८ मध्ये करार केले. त्यांचा खर्च वाढत सुमारे ६.२ अब्ज पौंडांवर पोहोचला. २०१० च्या संरक्षण आढाव्यात ब्रिटनने आर्क रॉयल मुदतीपूर्वी निवृत्त केली आणि हॅरियर विमानेही सेवेतून काढली. नव्या नौकांवर कॅटापुल्ट बसवावयाचा निर्णय झाला आणि दोन वर्षांत, २०१२ मध्ये, तो फिरविण्यात आला. ज्या देशाने तिरपी उड्डाणपट्टी, वाफेचा कॅटापुल्ट आणि पुढे स्की जंप या कल्पना जगाला दिल्या, त्याच देशाला काही वर्षे लढाऊ विमाने वाहणारी नौकाच नव्हती.

ब्रिटिश नौकांच्या पोलादाची कथाही बोलकी आहे. त्या पोलादाची सुमारे ८० हजार टनांची मागणी कोरस या कंपनीकडे गेली होती, आणि ती कंपनी २००७ मध्येच टाटा समूहाने घेतली होती. पुढे टाटांनी त्यातील अनेक कारखाने विकले. २०२४ मध्ये पोर्ट टॅलबॉट येथील झोतभट्ट्या बंद झाल्या. स्कन्थॉर्प येथील उरलेल्या भट्ट्या चिनी मालकाकडून बंद होण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा १२ एप्रिल २०२५ रोजी, शनिवार असूनही, ब्रिटिश संसदेची खास बैठक भरवून सरकारला नियंत्रणाचे अधिकार देणारा कायदा करावा लागला. खनिजापासून पोलाद बनविण्याची शेवटची सोय हातची जाऊ नये, हीच त्यामागची चिंता होती.

भंगार आणि भविष्य

पहिली विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही काळ मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती. पुढे लिलाव होऊन दारूखाना येथे ती तोडण्यात आली. विराट ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झाली. तिला सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीजवळ संग्रहालयाच्या रूपाने ठेवण्याच्या ८५२ कोटींच्या प्रस्तावाला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मंजुरी दिली होती. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२० मध्ये ती अलंगला भंगारात गेली. कोकणातील अनेकांना ती हळहळ अद्याप आहे.

मात्र भिलाईच्या पत्र्याचा उपयोग विक्रांतपुरता राहिलेला नाही. पाणबुडीविरोधी कामोर्ता ही २०१४ मध्ये दाखल झालेली नौका याच प्रकारच्या पोलादाची आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या आणि १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात आलेल्या सुरत व निलगिरी या युद्धनौकांसाठीही स्वदेशी पोलादच वापरण्यात आले. पत्र्यासाठी परदेशी कंपनीच्या दारात उभे राहण्याची वेळ आता गोद्यांवर येत नाही.

विमानांबाबत तसे म्हणता येत नाही. विक्रांतवरची मिग २९ के विमाने रशियन आहेत. एप्रिल २०२५ मध्ये सुमारे ६३ हजार कोटी रुपयांना मागविलेली २६ राफेल मरीन फ्रान्सची आहेत. नौकेची चार गॅस टर्बाईन इंजिने अमेरिकी बनावटीच्या आराखड्यावरची आहेत. तेजसच्या नौदल आवृत्तीने फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रांतवर उतरून दाखविले खरे, पण ताफ्यात तिचा समावेश झालेला नाही.

आणि भिलाईपुढे स्वतःचा प्रश्न आहेच. सहा दशके कारखान्याला खनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणींतील साठे आटत आले आहेत. त्यांची जागा बस्तरच्या उंबरठ्यावरील रावघाटने घ्यावयाची आहे. तेथे लोहमार्ग, जंगल आणि स्थानिक आदिवासींचे हक्क यांची गुंतागुंत अनेक वर्षे चालू आहे. दुसऱ्या स्वदेशी विमानवाहू नौकेचा प्रस्तावही असाच दीर्घकाळ चर्चेत आहे. तो मंजूर झाला, तर तिचे पत्रे लाटण्यासाठी भिलाईची मिल सज्ज असेल. त्या पत्र्यांसाठीचे खनिज मात्र रावघाटहून यावे लागेल.